मेहनत आणि मात्रा : मराठी व्यायामविचाराची चिकित्सा (नंदुरबार जिल्ह्यातील सामान्य खेळाडूच्या संदर्भात)

प्रस्तावना

मराठीत व्यायामविषयक लेखनाची परंपरा समृद्ध आहे. औंध संस्थानाने सूर्यनमस्काराला शाळेत व घराघरांत नेले, बडोद्यात दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश सिद्ध झाला, अमरावतीला १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आणि पुण्याला १९२४ मध्ये महाराष्ट्रीय मंडळ स्थापन झाले. या कार्याचा गौरव पुष्कळ झाला आहे आणि तो योग्यच आहे. तथापि या विचाराने व्यायाम करणारा माणूस कोणता कल्पिला होता, त्याचे पोट कितपत भरलेले होते, त्याचा दिवस कसा जात होता, या प्रश्नांची चिकित्सा मात्र फारशी झालेली नाही. प्रस्तुत लेखात ती नंदुरबार जिल्ह्यातील महाविद्यालयीन खेळाडूला समोर ठेवून करण्याचा प्रयत्न आहे.

येथे ‘सामान्य खेळाडू’ म्हणजे राष्ट्रीय शिबिरात निवड झालेला खेळाडू नव्हे. आंतरमहाविद्यालयीन कबड्डी वा खो-खोच्या संघात खेळणारा, सकाळी रस्त्यावर धावून पोलीस भरतीची तयारी करणारा आणि सुट्टीत शेतावर राबणारा विद्यार्थी वा विद्यार्थिनी येथे अभिप्रेत आहे. बलसंवर्धन व शरीरसज्जता यांचे साधे प्रशिक्षण त्याला मिळावे की नाही, हा प्रश्न वरकरणी क्रीडाविभागापुरता वाटतो. प्रत्यक्षात तो आरोग्याचा, उपजीविकेचा आणि सामाजिक न्यायाचाही प्रश्न आहे.

‘मेहनत’ : एक शब्द, दोन अर्थ

तालमीच्या भाषेत व्यायामाला ‘मेहनत’ म्हणतात. पैलवान मेहनत करतो म्हणजे जोर मारतो, बैठका काढतो, आखाडा खणतो. शेतमजूरही मेहनतच करतो. एकाच शब्दाने दोन वेगळ्या क्रिया दर्शविल्या जातात आणि आपल्या व्यायामविचारातील बराचसा गोंधळ याच ठिकाणी सुरू होतो.

पैलवानाची मेहनत त्याने स्वतः वा वस्तादाने ठरवलेली असते. तिच्यामागे दूध, तूप, बदाम असा खुराक असतो. मालीश असते, दुपारची झोप असते. मजुराची मेहनत कामाने ठरते. ऊस तोडून त्याच्या मोळ्या डोक्यावरून वाहणाऱ्याला ‘आज अंग दुखते, ओझे निम्मे करू’ असे म्हणण्याची सोय नसते. पहिल्या मेहनतीत श्रमानंतर विश्रांती आणि पोषण येते, म्हणून शरीर अधिक बलवान होते. दुसऱ्या मेहनतीत श्रमानंतर पुन्हा श्रमच येतात. शरीर ते सोसायला शिकते, परंतु त्याच्या बळात त्या प्रमाणात भर पडत नाही.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत स्थलांतर करतात. येथील विद्यार्थ्याचे शरीर खुर्चीत बसून शिथिल झालेले नसून बहुधा आधीच राबलेले असते. त्याला ‘मेहनत वाढव’ एवढाच उपदेश करणे म्हणजे थकलेल्या बैलाला आणखी एक औत जुंपणे होय.

परंपरेतील मात्राविचार

आपल्या जुन्या वैद्यकात हा भेद ओळखलेला होता, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. सुश्रुत आणि वाग्भट या दोघांनीही व्यायाम आपल्या शक्तीच्या निम्म्याने करावा असे सांगितले आहे. वाग्भटाने तर हा उपदेश बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या व्यक्तीसाठी, तोही थंडीत व वसंतात, असा मर्यादित केला. इतर ऋतूंत व्यायाम हलकाच ठेवावा असे सुचवले. अतिव्यायामाने होणाऱ्या विकारांची नोंदही या ग्रंथांत आहे. म्हणजेच व्यायाम हे औषधासारखे असून त्याला मात्रा असते, आणि ती व्यक्तीचे बल, तिचे अन्न व ऋतू यांवरून ठरते, असा हा विचार आहे.

विसाव्या शतकातील मराठी व्यायामचळवळीत हा मात्राविचार मागे पडला आणि संख्येला महत्त्व आले. याला ऐतिहासिक कारण आहे. पारतंत्र्यात ‘दुर्बल राष्ट्र’ ही टोचणी सुशिक्षितांच्या मनात होती. व्यायाम हे वैयक्तिक आरोग्यापेक्षा राष्ट्रतेजाचे साधन मानले गेले. साहजिकच किती जोर, किती बैठका, किती नमस्कार हे पुरुषार्थाचे माप ठरले. त्या काळाची ती गरज असेल. परंतु काळ पालटल्यावरही माप तेच राहिले.

औंध आणि बडोदे : दोन ग्रंथप्रकल्प

औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांचे सूर्यनमस्कारविषयक कार्य व लेखन या परंपरेतील सर्वांत प्रभावी मानावे लागेल. १९३८ मध्ये त्यांची पद्धत इंग्रजी पुस्तकाच्या रूपाने पाश्चात्त्य वाचकांपुढेही आली. साधन नको, जागा थोडी, खर्च शून्य, स्त्री-पुरुष-बालक सर्वांना करता येण्याजोगा व्यायाम, ही त्यांची मांडणी आजही आकर्षक आहे. आहाराविषयीही त्यांनी आग्रहाने लिहिले. व्यायाम लोकशाहीकडे नेणारे इतके सुटसुटीत लेखन मराठी परंपरेत विरळाच.

तरीही बलसंवर्धनाच्या दृष्टीने त्याची मर्यादा स्पष्ट करायला हवी. नमस्कारात शरीरावरील भार कायम राहतो, वाढते ती केवळ संख्या. ठरावीक टप्प्यानंतर संख्या वाढवल्याने दम वाढतो, परंतु बळ जवळजवळ तेथेच थांबते. त्यात ढकलण्याची क्रिया आहे. ओढण्याची आणि उचलण्याची नाही. कबड्डीतील पकड, कुस्तीतील उचल, गोळाफेक यांना लागणारे बळ केवळ नमस्कारांतून येणार नाही. शिवाय या लेखनाचा मुख्य वाचक बैठे काम करणारा, भरल्या घरातला सुशिक्षित माणूस आहे, असे सतत जाणवत राहते.

बडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात संपादित केलेला व्यायामज्ञानकोश हा वेगळ्या जातीचा ग्रंथ. आखाड्यातील व मैदानातील तोंडी ज्ञान छापील रूपात जतन करण्याचे त्याचे कार्य अतुलनीय आहे. पण कोशाचे बळ तीच त्याची मर्यादाही असते. प्रकार कोणता आणि तो कसा करावा हे कोश सांगतो. पहिल्या आठवड्यात किती, सहाव्यात किती, कोणत्या दिवशी काहीच करू नये, हे क्रमाचे ज्ञान वस्तादाच्या नजरेत राहिले. वस्ताद आहे तेथे ही उणीव भासत नाही. धडगाव वा अक्कलकुव्याच्या विद्यार्थ्यापाशी मात्र वस्ताद नाही आणि कोशही नाही. त्याच्यापर्यंत पोचते ती फक्त संख्या.

वाढत्या भाराचे तत्त्व

मात्रेचा हा हरवलेला विचार आधुनिक शास्त्रात वेगळ्या वाटेने आला. दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांवर उपचार करणारे अमेरिकन लष्करी वैद्यक टॉमस डीलॉर्म यांनी १९४५ मध्ये जड भाराच्या व्यायामावरील आपला निबंध प्रसिद्ध केला. पुढे १९४८ मध्ये डीलॉर्म व वॉटकिन्स यांनी पद्धत सुटसुटीत केली. जो भार जेमतेम दहा वेळा उचलता येतो तो प्रथम ठरवायचा. मग त्याच्या निम्म्याने दहा, पाऊण भाराने दहा आणि पूर्ण भाराने दहा अशा तीन फेऱ्या करायच्या. बळ वाढेल तसा भार वाढवायचा. हे तत्त्व दुबळ्या झालेल्या शरीरासाठी शोधले गेले, ही गोष्ट महत्त्वाची आहे. भाराचे मोजमाप येथे ज्याच्या त्याच्या शक्तीवरून होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम श्रमाबरोबरच किमान दोन दिवस स्नायूंचे बळ वाढवणारा व्यायाम सांगितला आहे. आपल्याकडे यातील पहिला भाग ऐकला जातो, दुसरा बहुधा सुटतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या फिट इंडिया चळवळीतील शालेय चाचण्यांत ५० व ६०० मीटर धाव, लवचीकता, पोटाचे व जोरांचे प्रकार मोजले जातात. मोजणे आवश्यकच आहे. परंतु वर्षातून एकदा वजनकाट्यावर उभे केल्याने मूल बाळसे धरत नाही. तद्वत चाचणी म्हणजे प्रशिक्षण नव्हे.

काटकपणाची दंतकथा

‘आदिवासी मुले उपजतच काटक असतात’ हे विधान क्रीडाक्षेत्रात कौतुकाने केले जाते. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले, तेव्हा हे विधान पुन्हा पुन्हा ऐकू आले. डोंगरातून पाणी वाहण्याच्या कष्टांचे वर्णन झाले. नाशिकमधील वर्षानुवर्षांच्या शिस्तबद्ध प्रशिक्षणाचे त्या मानाने कमी झाले.

सातपुड्यातील लोकजीवनात दमाची परंपरा आहे, यात शंका नाही. दिवाळीच्या सुमारास अस्तंब्याच्या शिखराकडे होणारी पायी यात्रा, काठीच्या होळीत ढोलाच्या तालावर रात्रभर चालणारे नृत्य ही तिची जिवंत उदाहरणे आहेत. परंतु या दमाला ‘उपजत’ ठरवले की संस्थेची जबाबदारी संपते. जो उपजतच काटक आहे त्याला अंडी कशाला, पादत्राणे कशाला, प्रशिक्षक कशाला, असा अबोल निष्कर्ष त्यातून निघतो. कौतुकाच्या भाषेत केलेली ही उपेक्षाच होय. काटकपणा हा प्रशिक्षणाचा पाया होऊ शकतो, पर्याय नव्हे.

भरतीचे मैदान

जिल्ह्यातील तरुणांसाठी खेळाचा सर्वांत निकडीचा अर्थ पोलीस भरती हा आहे. महाराष्ट्रातील पोलीस शिपाई पदाची शारीरिक चाचणी ५० गुणांची असते. पुरुषांसाठी १६०० मीटर धाव २० गुण, १०० मीटर धाव १५ गुण आणि गोळाफेक १५ गुण; महिलांसाठी लांब धाव ८०० मीटरची असते. गोळ्याचे वजन पुरुषांसाठी ७.२६० किलो, तर महिलांसाठी ४ किलो असते.

या गुणविभागणीचा अर्थ साधा आहे. ५० पैकी ३० गुण वेग आणि स्फोटक बळ यांना आहेत. तरीही तयारीचा सर्वसाधारण प्रकार म्हणजे रोज पहाटे दमछाक होईपर्यंत रस्त्यावर धावणे. नडगी दुखते, गुडघा धरतो, वजन उतरते आणि गोळा आहे तेथेच पडतो. पाय, कंबर व खांदा यांचे बळ वाढवल्याखेरीज गोळा पुढे जाणार नाही. दीर्घ धावेतही बळकट पाय प्रत्येक पावलाला लागणारी शक्ती वाचवतात. येथे प्रशिक्षणाचे अज्ञान एका कुटुंबाची नोकरी हिरावू शकते.

साधा आराखडा

वरील चिकित्सेतून निघणारा आराखडा मुद्दाम साधा ठेवला आहे. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान ४८ तासांचे अंतर, प्रत्येक वेळी सुमारे ४० मिनिटे. क्रिया पाच : बसून उठणे, कमरेतून वाकून जमिनीवरचे उचलणे, ढकलणे, ओढणे आणि वाहून नेणे. साधने म्हणून वाळू भरलेली पोती, झाडाची आडवी फांदी वा लोखंडी नळी, दोर, आणि उपलब्ध असल्यास तालमीतील मुद्गल व नाल पुरेत. महागड्या यंत्रांची व्यायामशाळा नसल्याने काही अडत नाही.

आरंभी प्रत्येक क्रियेच्या दोन फेऱ्या, फेरीत आठ आवर्तने. आणखी दोन आवर्तने करता आली असती असे वाटत असतानाच थांबावे; वाग्भटाच्या अर्धशक्तीशी या नियमाचे नाते उघड आहे. त्याच भाराने बारा आवर्तने सहज होऊ लागली की पोत्यात एक-दोन किलो वाळू वाढवावी आणि पुन्हा आठपासून सुरुवात करावी. दर चौथ्या आठवड्यात फेऱ्या निम्म्या कराव्यात. भार, आवर्तने आणि आदल्या रात्रीची झोप यांची वहीत नोंद ठेवावी. शेतात वा मजुरीवर दिवस गेला असेल तर त्या दिवशीचे प्रशिक्षण पुढे ढकलावे, आणि हा आळस न मानता नियम मानावा. पेरणीच्या दिवसांत केवळ बळ टिकवण्याचे ध्येय ठेवून आठवड्यातून एकच दिवस पुरतो. उन्हाळ्यात नंदुरबारचे तापमान चाळीस अंशांपलीकडे जाते. तेव्हा सर्व सराव पहाटेच उरकावा.

रक्ताचा प्रश्न

या जिल्ह्यात प्रशिक्षणाचा विचार सिकलसेलच्या विचाराशिवाय अपुरा आहे. भिल्ल, पावरा आदी समाजांत हा अनुवंशिक रक्तदोष आढळतो. केंद्र सरकारने २०२३ मध्ये त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय अभियान सुरू केले. दोन्ही पालकांकडून दोष आलेला रुग्ण आणि एकाच पालकाकडून आलेला वाहक यांत भेद करायला हवा. रुग्णाने वैद्यकीय सल्ल्याखेरीज कठोर व्यायाम करू नये. वाहक एरवी निरोगी असतो व उत्तम खेळाडू होऊ शकतो. परंतु उष्मा, निर्जलीकरण आणि विश्रांतीविना पुनःपुन्हा केलेली जोरदार धाव यांत त्याच्या स्नायूंना गंभीर इजा संभवते.

अमेरिकेत २००६ मध्ये एका वाहक महाविद्यालयीन फुटबॉलपटूचा सरावानंतर मृत्यू झाला. त्यानंतर २०१० पासून तेथील अव्वल महाविद्यालयीन क्रीडाविभागात वाहकतेची तपासणी लागू झाली. दुसरीकडे, सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिकांच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वाहकांचे मृत्यू अधिक आढळले नाहीत, मात्र श्रमजन्य स्नायूविघटनाचा धोका सुमारे दीडपट दिसला. त्या सैन्यात पाणी, विश्रांती व उष्म्याविषयीची खबरदारी सर्वांसाठीच सक्तीची होती. यातून घ्यायचा बोध असा की वाहकाला मैदानाबाहेर काढण्याचे कारण नाही. मैदानाचे नियम बदलण्याचे मात्र आहे. संघनिवडीपूर्वी स्वेच्छेने तपासणी, निष्कर्षाची पूर्ण गुप्तता, पाण्याची सोय, टप्प्याटप्प्याने वाढणारा सराव, आणि पायांत अशक्तपणा वा वेदना जाणवताच थांबण्याची मुभा एवढे महाविद्यालयाला सहज करता येईल. ‘रग जिरेपर्यंत पळव’ ही शिस्त येथे प्राणघातक ठरू शकते.

अन्न

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाला दर किलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, खेळाडूंसाठी १.२ ते २ ग्रॅमची शिफारस केली जाते. साठ किलोच्या तरुणाला म्हणजे सुमारे ५० ऐवजी किमान ७२ ग्रॅम. हा फरक २२ ग्रॅमचा आहे. दोन अंडी आणि चाळीस ग्रॅम शेंगदाणे यांतून तो भरून निघतो. नवापूरची तूरडाळ भौगोलिक मानांकन मिळवते, नवापूरचा कुक्कुटपालन व्यवसाय देशभर ठाऊक आहे, आणि त्याच जिल्ह्यातील खेळाडूच्या ताटात डाळ पातळ असावी, अंडे नसावे, ही विसंगती आहे. स्पर्धेच्या प्रवासखर्चाची तरतूद होते. सरावकाळातील अंड्यांची होत नाही. वाग्भटाने व्यायाम आणि स्निग्ध आहार एकाच वचनात बांधले होते. आपल्या अंदाजपत्रकांनी त्यांची फारकत केली.

समारोप

मराठी व्यायामविचाराने समाजाला निष्ठा, नियमितपणा आणि साधेपणा दिला. तो वारसा सोडण्याचे कारण नाही. सोडायची आहे ती एकच धारणा : जास्त श्रम म्हणजे जास्त बळ. ती धारणा बैठ्या शरीराला काही काळ उपकारक ठरली. राबत्या शरीराला ती अपायकारक आहे. मात्रा, क्रम, विश्रांती व अन्न या चार गोष्टींचा विचार केला तर वाळूच्या पोत्यानेही खेळाडू घडू शकतो. तो न केल्यास सुसज्ज व्यायामशाळाही शोभेची वस्तू ठरेल.

क्रीडासंचालकांबरोबरच शरीरक्रियाशास्त्र, गृहविज्ञान, समाजशास्त्र व मराठी या विषयांच्या अध्यापकांनी हे काम एकत्रितपणे हाती घेण्याजोगे आहे. पहिले पाऊल लहान असू शकते : शैक्षणिक वर्षाच्या आरंभी प्रत्येक खेळाडूला एक वही द्यावी, आणि तिच्या पहिल्या पानावर ‘किती जोर मारले’ याआधी ‘काल काय खाल्ले, किती झोपलात, कोणते काम केले’ हे रकाने असावेत. त्या रकान्यांत जे लिहिले जाईल ते वाचल्याखेरीज आपल्याला आपल्या खेळाडूची मेहनत कळणार नाही.